त्वचेच्या भिंतीतला दर्जा : स्निग्ध लेप त्वचा नेमकी कशी सांधतात?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी परभणीत कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या धाकट्या मुलाला तो सहा महिन्यांचा असल्यापासून इसब आहे. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत, मानेवर, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की गालांवरही त्याची त्वचा लाल होऊन सोलते. पहिली दोन वर्षे आम्ही हाताला येईल ते लावले. घाण्यावरचे तेल झाले, घरचे तूप झाले, शेजारणीने सुचवलेले लोशन झाले, आणि एकदा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले एक मलमही झाले. त्या मलमाने चार दिवसांत त्वचा गुळगुळीत झाली आणि ते थांबवल्यावर आठवडाभरात पूर्वीपेक्षा जास्त भडकली. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब हातात घेऊन सांगितले की तीत तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक अशी तिन्ही औषधे एकत्र होती. रेणूंच्या रचना मी रोज फळ्यावर काढते. पण आपल्या मुलाच्या अंगाला लावलेला पदार्थ तिथे जाऊन काय करतो, हा प्रश्न मी दोन वर्षांत एकदाही नीट विचारला नव्हता, याचे मला फार वाईट वाटले.

हा धागा त्या एका प्रश्नापुरता आहे. त्वचेवर लावलेला स्निग्ध पदार्थ तिथे कोणते काम करतो, आणि सगळे स्निग्ध पदार्थ एकच काम करतात का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि आपल्याकडच्या घरांमध्ये होणाऱ्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात असे माझे मत झाले आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे हे कोणाच्याही उपचाराच्या जागी घेऊ नये.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. तळहात आणि तळपाय सोडले तर तो मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो. त्यात केराटिनने भरलेल्या, चपट्या, मृत पेशींचे पंधरा-वीस थर असतात आणि त्या पेशींच्या फटींमध्ये स्निग्ध द्रव्यांचे एकावर एक पदर रचलेले असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधक पीटर इलायस यांनी १९८०च्या दशकात या रचनेसाठी विटा आणि सांध्यातला माल ही उपमा रूढ केली. आपल्याकडे जुन्या दगडी वाड्यांच्या भिंतींत चुन्याचा दर्जा, म्हणजे दगडांच्या सांध्यांतला माल, भरलेला असतो, तो डोळ्यांपुढे आणला तर हे लवकर समजते. दर्जा निखळला की दगड शाबूत असूनही भिंत गळू लागते. त्वचेतही आतले पाणी बाहेर उडून जाते आणि बाहेरचा साबण, धूळ, परागकण व जंतू आत शिरतात ते प्रामुख्याने या सांध्यांतून.

या दर्जाची घटकद्रव्ये ठरलेली आहेत. वजनाने जवळजवळ निम्मे सेरामाइड, सुमारे पाव हिस्सा कोलेस्टेरॉल आणि दहा ते पंधरा टक्के मुक्त मेदाम्ले. शरीरातील इतर पेशींच्या आवरणांत फॉस्फोलिपिडे मुख्य असतात. इथे ती जवळपास नसतातच. शृंगस्तराच्या लगेच खाली असलेल्या जिवंत पेशी हे द्रव्य अतिसूक्ष्म पुड्यांमध्ये भरून ठेवतात आणि वेळ आली की पेशींच्या फटींत ओततात. तिथे विकरे (एन्झाइम) त्यावर काम करून त्याचे अंतिम सेरामाइड बनवतात. या विकरांना आम्लधर्मी वातावरण लागते. निरोगी त्वचेचा सामू (pH) साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि आपल्या नेहमीच्या साबणाच्या वडीचा ९ ते १०. साबणाने एकीकडे तयार स्निग्धांश धुऊन जातो आणि दुसरीकडे तो भरून काढणारी विकरे मंदावतात. शिवाय सामू वाढला की पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे दुवे तोडणारी विकरे जास्त जोमाने काम करू लागतात. रोज दोन वेळा साबण लावून मुलाला 'स्वच्छ' ठेवण्याचा माझा आग्रह त्याच्या त्वचेला किती महाग पडला असेल, हे मला हा भाग वाचताना कळले.

आता दुरुस्तीविषयी. निरोगी तरुण माणसाच्या त्वचेवरून चिकटपट्टीने वरचे थर काढले किंवा ॲसिटोनने स्निग्धांश पुसून टाकला, तर खालच्या पेशी काही मिनिटांतच साठवलेल्या पुड्या रित्या करतात, मग नवे स्निग्ध द्रव्य बनवू लागतात, आणि साधारण बारा तासांत निम्मी व तीन दिवसांत जवळजवळ पूर्ण भिंत पुन्हा उभी राहते. उतारवयात हाच वेळ बराच वाढतो. इसबाच्या त्वचेत हे काम मुळातच अपुरे पडते. तिथे सेरामाइड कमी असते हे १९९१ साली जपानी संशोधकांनी दाखवले. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील गटाने फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा संबंध उघड केला. हे प्रथिन मोडून जी द्रव्ये तयार होतात ती शृंगस्तरात पाणी धरून ठेवतात, म्हणजे अशा मुलांच्या बाबतीत दर्जाबरोबर दगडही कच्चा असतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रयोग १९९३चा आहे. इलायस यांच्याच गटाने उंदरांच्या त्वचेवरील स्निग्धांश ॲसिटोनने काढला आणि मग तीन घटक वेगवेगळे, जोडीजोडीने आणि एकत्र असे लावून पाहिले. माझी अपेक्षा होती की जे कमी आहे त्यातले थोडे जरी बाहेरून दिले तरी फायदाच होईल. प्रत्यक्षात एकच किंवा दोनच घटक लावले तेव्हा दुरुस्ती मंदावली. तिन्ही एकत्र, योग्य प्रमाणात असले तेव्हाच ती नेहमीच्या गतीने झाली. नंतरच्या प्रयोगांत तिन्हींपैकी एकाचे प्रमाण तिप्पट ठेवले तर ती नेहमीपेक्षा वेगाने होते असेही आढळले. कारण असे की बाहेरून लावलेली ही द्रव्ये शृंगस्तरातून झिरपून खालच्या जिवंत पेशींपर्यंत पोहोचतात, पेशी ती आत घेतात, स्वतःच्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा पुड्यांत भरतात. मिश्रण अपुरे असेल तर त्यातून तयार होणारे पदर वेडेवाकडे बनतात. म्हणून 'सेरामाइडयुक्त' एवढाच शब्द वेष्टनावर असणे पुरेसे नाही. सोबत कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लही आहे का, हे घटकांच्या यादीत पाहावे लागते. इसबाच्या त्वचेसाठी सेरामाइड अधिक असलेले मिश्रण सुचवले जाते, तर वार्धक्यातील त्वचेत कोलेस्टेरॉलची निर्मिती विशेष घटलेली असल्यामुळे कोलेस्टेरॉल अधिक असलेले मिश्रण दुरुस्तीला गती देते, असे १९९७च्या अभ्यासात दिसले.

पेट्रोलियम जेलीचे काम वेगळे आहे. १८७२ साली रॉबर्ट चेसब्रो यांनी अमेरिकेत तिचे एकस्व (पेटंट) घेतले, तेव्हापासून ती घरोघरी आहे. ती जिवंत पेशींपर्यंत जात नाही आणि पुड्यांत भरलीही जात नाही. मात्र ती केवळ पृष्ठभागावर बसते ही समजूतही खरी नाही. १९९२ साली दाखवले गेले की ती शृंगस्तराच्या फटींमध्ये शिरून बसते, आणि तिच्या आडोशाखाली त्वचेची स्वतःची दुरुस्ती नेहमीसारखी चालू राहते. माळवद (मातीचे सपाट छत) गळू लागल्यावर आपण वर ताडपत्री टाकतो आणि तिच्या आधाराने खाली पांढरी माती भरतो, तसे हे आहे. ताडपत्रीचा उपयोग लगेच होतो. आतल्या दुरुस्तीला काही तास लागतात.

तेलांविषयी मी मुद्दाम शेवटी लिहिणार होते, पण आधी इथल्या लोकांचे अनुभव वाचावेत असे वाटते.

बालाघाट

ताई, अतिशय उपयुक्त लेखन. एक व्यावहारिक प्रश्न आहे. माझ्या मुलीसाठी सेरामाइडचे क्रीम सांगितले होते. त्याची छोटी ट्यूब एवढी महाग पडते की आम्ही ती अक्षरशः टिपक्याटिपक्याने लावतो. महिना झाला तरी विशेष फरक दिसत नाही. मिश्रण चुकीचे असावे की आमच्या लावण्यात काही चूक होत असावी?

गोदाकाठ

टिपक्याटिपक्याने लावणे हेच कारण असण्याची शक्यता फार मोठी आहे. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मलम सुचवलेले आहे. किमान आकडा धरला तरी दिवसाला साधारण ३५ ग्रॅम होते, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दीड दिवसही पुरणार नाही. तुम्ही ती महिनाभर पुरवत असाल तर औषध चुकीचे आहे की बरोबर, हे ठरवण्याइतके ते त्वचेवर गेलेलेच नाही.

किमतीबाबत दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. २०११ साली अमेरिकेत सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ३९ मुलांवर चिठ्ठीवर मिळणारी दोन भिंत-दुरुस्तीची क्रीमे आणि साधे पेट्रोलियम-आधारित मलम यांची तुलना झाली. परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही आणि साधे मलम कितीतरी स्वस्त पडले. अभ्यास लहान होता, हे लक्षात ठेवायला हवे. २०२२ साली ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम या चारही प्रकारांची तुलना झाली आणि कोणताही एक प्रकार सरस ठरला नाही. मी स्वतः याचा अर्थ असा घेतला की सेरामाइडच्या मिश्रणामागचे शास्त्र खरे असले, तरी जे आपल्याला भरपूर आणि रोज लावणे परवडेल तेच आपल्या घरासाठी योग्य. आम्ही चेहरा आणि मान यांच्यासाठी तिन्ही घटकांचे क्रीम ठेवले आहे आणि बाकी अंगाला पांढरी पेट्रोलियम जेली लावतो.

स्नानानंतर अंग जोराने पुसू नका. टिपून घ्या आणि ओलसरपणा असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवत लावा. उलट्या दिशेने चोळले तर केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात. डब्यात बोट घालण्याऐवजी स्वच्छ चमच्याने काढून घ्यावे, म्हणजे डब्यात जंतू जात नाहीत.

रब्बी

आमची शेती पाथरी तालुक्यात आहे आणि घरी अजूनही थोडी करडई असते. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नाही, म्हणून आजूबाजूच्या बहुतेकांनी ती सोडून हरभरा धरला. माझी आई आयुष्यभर लाकडी घाण्याचे करडईचे तेल अंगाला लावत आली आणि तिची त्वचा साठीतही चांगली होती. आपल्या विवेचनानुसार करडईच्या तेलात सेरामाइड नसते. मग त्याचा उपयोग होत होता की तो केवळ आमचा समज होता?

गोदाकाठ

हा प्रश्न कोणीतरी विचारावा अशी माझी फार इच्छा होती, कारण करडई आपले पीक आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'शारदा', 'परभणी कुसुम' आणि 'पूर्णा' हे तिचे वाण दिलेले आहेत.

तेलात सेरामाइड नसते आणि मुक्त मेदाम्लेही फारशी नसतात. तेल म्हणजे ट्रायग्लिसराइडे, म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली मेदाम्ले. तरीही कोणत्या मेदाम्लांपासून ती बनली आहेत यावर बरेच अवलंबून आहे. १९२९ साली मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदरहित आहार दिला, तेव्हा त्यांची त्वचा खवल्यांसारखी झाली आणि ते नेहमीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागले. लिनोलेइक आम्ल दिल्यावर ते सुधारले. आज त्याचे कारण माहीत आहे. शृंगस्तराचे पदर एकमेकांना शिवून ठेवणाऱ्या एका विशेष लांब सेरामाइडमध्ये लिनोलेइक आम्ल हा अपरिहार्य भाग असतो आणि आपले शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. पारंपरिक करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ७५ टक्के असते. नेहमीच्या खाद्यतेलांमध्ये हे प्रमाण सर्वाधिकांपैकी एक आहे. सोयाबीनमध्ये ते निम्म्याच्या थोडे वर असते, तिळात चाळीस टक्क्यांच्या आसपास, भुईमुगात तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, आणि खोबरेल तेलात अगदीच थोडे.

याच्या विरुद्ध टोकाला ओलेइक आम्ल आहे. ते स्निग्ध पदरांची रचना विस्कळीत करते. औषधे त्वचेतून आत जावीत म्हणून काही मलमांत ते मुद्दाम घातले जाते. २०१३ साली शेफील्ड येथे प्रौढांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह तेल आणि सूर्यफुलाचे तेल लावून पाहण्यात आले. ओलेइक अधिक असलेल्या ऑलिव्ह तेलाने निरोगी त्वचेचीही भिंत कमकुवत झाली आणि सूर्यफुलाच्या तेलाने ती टिकून राहिली. मोहरीच्या तेलाने उंदरांच्या त्वचेची दुरुस्ती मंदावल्याचेही प्रयोग आहेत. म्हणून बाळाच्या मालिशीसाठी बाहेरून आलेल्या महागड्या ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या पाहिल्या की मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या आईचा अनुभव समजण्यासारखा आहे. पण तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. आता बाजारात ओलेइक आम्लाचे प्रमाण वाढवलेल्या करडईचे आणि सूर्यफुलाचेही तेल मिळते. तळण्यासाठी ते चांगले असले तरी त्यातील प्रमाण उलटलेले असते, म्हणून वेष्टन वाचावे. लिनोलेइक भरपूर असलेले तेल लवकर खवट होते. त्यामुळे ते लहान, गडद रंगाच्या बाटलीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि खवट वास आला तर अंगाला लावू नये. आणि इसबाने फुटलेल्या त्वचेवर कोणतेही खाद्यतेल हा उपचार नव्हे.

अंबानगरी

मी अंबाजोगाईची. वयाने मोठी असल्यामुळे अनेक बाळंतिणींचे आणि बाळांचे तेल-पाणी पाहिले आहे. माझ्या नातीला नुकतेच बाळ झाले. रुग्णालयात बाळाला पहिल्या दिवशी अंघोळ घालू दिली नाही आणि अंगावरचा पांढरा लेप तसाच ठेवला, याचे आम्हा सगळ्यांना नवल वाटले. आता घरी डाळीच्या पिठाने रगडून तेल लावायचे की नाही, यावर घरात वाद आहे.

गोदाकाठ

मावशी, तो पांढरा लेप म्हणजे बाळाने जन्माला येताना सोबत आणलेले मलमच आहे. त्यात सुमारे ८० टक्के पाणी आणि उरलेले साधारण निम्मे-निम्मे स्निग्ध पदार्थ व प्रथिने असतात, आणि त्या स्निग्धांशात सेरामाइड व कोलेस्टेरॉलही असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही पहिली अंघोळ २४ तासांनंतर घालावी असे सांगितले आहे. रुग्णालयाने योग्यच केले.

डाळीचे पीठ रगडणे कृपया थांबवावे. नवजात त्वचेवर घर्षणाने तेच होते जे प्रयोगशाळेत चिकटपट्टीने करतात. लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवण्याची रीतही तशीच. आपल्या पिढीने हे प्रेमाने केले, हे मी जाणते.

तेलाबाबत पुरावा दोन्ही बाजूंचा आहे. ढाक्याच्या बालरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना लिनोलेइक अधिक असलेले सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले, तेव्हा रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील अभ्यासात करडईच्या तेलाने मालीश केलेल्या नवजात बाळांच्या रक्तात आवश्यक मेदाम्ले वाढलेली दिसली, म्हणजे तेल त्वचेतून खरोखर आत जाते. मात्र २०१६ साली मँचेस्टर येथे पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांवर चार आठवडे ऑलिव्ह किंवा सूर्यफुलाचे तेल लावले, तेव्हा त्वचेतील ओलावा वाढला, पण स्निग्ध पदरांची रचना तेल न लावलेल्या बाळांइतकी सुधारली नाही. अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि पूर्ण दिवसांचे बाळ यांचा हिशेब वेगळा आहे. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला लावायचेच असेल तर थोडे, ताजे, हलक्या हाताने लावावे. त्वचेवर लाली किंवा पुरळ असेल तर लावू नये. भुईमुगाचे कच्चे तेल मात्र अशा त्वचेला टाळावेच, कारण फुटलेल्या त्वचेतून शेंगदाण्याची प्रथिने आत गेली तर पुढे त्याची ॲलर्जी जडण्याचा संबंध २००३ साली दाखवला गेला आहे.

अंबानगरी

रगडणे आजपासून बंद. सुनेचे म्हणणे बरोबर होते, हे मी तिला स्वतः सांगितले.

मांजराकाठ

लातूर भागातून लिहितो आहे. पाण्याचा मुद्दा या चर्चेत यायला हवा. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावरच भिस्त असते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले ते दिवस सर्वांना आठवत असतील. बोअरचे पाणी इतके जड असते की साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर बसतो. हा थर त्वचेवरही बसत असेल का?

गोदाकाठ

बसतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारी साय तयार करतात आणि ती त्वचेला चिकटून राहते. २०१८ साली शेफील्डच्याच संशोधकांनी दाखवले की जड पाण्याने धुतल्यावर साबणासारखी प्रक्षालके त्वचेवर जास्त प्रमाणात उरतात आणि तिला जास्त चेतवतात. फिलॅग्रिनचा दोष असलेल्यांना हा त्रास अधिक होतो. फेस येत नाही म्हणून आपण साबण आणखी घासतो, आणि धुवायला पाणी मात्र मोजकेच असते. आम्ही मुलाला साबण फक्त काख, जांघ आणि पाय यांनाच लावतो, तोही साबणरहित, सौम्य आम्लधर्मी द्रव. बाकी अंग कोमट पाण्याने पाच-सात मिनिटांत. टंचाईच्या काळात हे पाणीही कमी लागते.

त्वचावैद्य

मी बीड जिल्ह्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. धागाकर्तीने मांडलेले शास्त्र योग्य आहे. त्यात तीन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट. इसब भडकलेला असताना केवळ स्निग्ध लेप पुरत नाही. दाहाच्या वेळी पेशी जी संदेशद्रव्ये सोडतात, ती स्वतःच सेरामाइड आणि फिलॅग्रिन यांची निर्मिती घटवतात. म्हणजे वरून दर्जा भरत असताना आतून तो उकरला जात असतो. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले स्टिरॉइड योग्य तीव्रतेचे, योग्य दिवस लावणे आवश्यक असते. धाग्यातील अनुभव वाचून स्टिरॉइडची सरसकट भीती कोणी घेऊ नये. मात्र तीव्र स्टिरॉइड काही दिवस लावले तरी त्वचेतील स्निग्ध द्रव्यांची निर्मिती मंदावते, हेही खरे आहे. त्याच्या जोडीला स्निग्ध लेप चालू ठेवण्याचे हे एक सबळ कारण आहे.

दुसरी गोष्ट चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या मिश्र मलमांची. नायटा, खरूज आणि इसब या तिन्हींसाठी लोक तेच मलम लावतात. नायट्यावर स्टिरॉइड लावले की खाज थांबते, बुरशी पसरते आणि औषधाला दाद देईनाशी होते. २०१८ साली केंद्र शासनाने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी मागणारे आणि देणारे दोघेही संपलेले नाहीत. ओल येणारी, पिवळी खपली धरलेली किंवा दुखणारी जागा असेल तर तिच्यावर मलम किंवा तेल थापून घरी बसू नका.

तिसरी गोष्ट नम्रपणे सांगतो. प्रत्येक नवजात बाळाला रोज मलम लावले तर इसब होणारच नाही, अशी आशा काही वर्षांपूर्वी आम्हा सर्वांनाच होती. २०२० साली ब्रिटनमध्ये जोखीम असलेल्या १,३९४ बाळांवरील चाचणीत वर्षभर रोज लेप लावूनही इसब टळला नाही. झालेल्या इसबात लेपाचा उपयोग निश्चित आहे. तो होऊ नये म्हणून लावण्याचा फायदा त्या चाचणीत सिद्ध झाला नाही.

गोदाकाठ

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. तिसरा मुद्दा माझ्या लेखनात यायला हवा होता. दुसऱ्या मुलाच्या वेळी मी काही केले नाही म्हणून त्याला इसब झाला, ही टोचणी मी बरीच वर्षे बाळगली आहे.

औंढा

माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर निघतात आणि उन्हाळ्यात परततात. आईच्या टाचांना इतक्या खोल भेगा पडतात की त्यांतून रक्त येते, आणि पाचटाच्या धसकटांनी त्या पुन्हा उघडतात. घरी याला जळवात म्हणतात. मेण आणि तेल एकत्र गरम करून भेगांत ओतण्याची पद्धत आहे. ती चालू ठेवावी का? कोप्यावर, म्हणजे तोडीच्या जागच्या झोपडीत, अंघोळीचीच अडचण असते, तिथे दिवसातून तीनदा मलम कसे लावणार?

त्वचावैद्य

आपल्या आईंच्या बाबतीत त्वचा वेगळी आहे. तळपायाचा शृंगस्तर अंगावरच्या त्वचेच्या कितीतरी पट जाड असतो आणि तिथे तेलग्रंथी नसतात. तो कोरडा पडला की लवचिकपणा जातो आणि चालताना दाबाने फाटतो. मेण-तेलाने भेग झाकली जाते, म्हणून आराम वाटतो. पण ते गरमागरम कधीही ओतू नये, भाजल्याची प्रकरणे आम्ही पाहतो. आधी जाड थर मऊ व्हावा लागतो. त्यासाठी १० ते २५ टक्के युरिया असलेले मलम उपयोगी पडते, कारण युरिया पाणी धरून ठेवतो आणि जास्त प्रमाणात असला की कडक थर सैल करतो. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर मात्र तो झोंबतो. तिथे आधी साधी पेट्रोलियम जेली लावावी.

तीनदा जमणार नाही हे मान्य आहे. रात्री एकदाच, पण नीट करावे. कामावरून आल्यावर पाय दहा मिनिटे साध्या पाण्यात ठेवावेत, टिपावेत, भरपूर जेली लावावी आणि वर सुती मोजे घालून झोपावे. त्यांना मधुमेह असेल, किंवा पायाला स्पर्श कमी जाणवत असेल, तर निघण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्या. आपल्या भागात पायाच्या बधिरतेकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

गोदाकाठ

एक सावधगिरी मी जोडते, कारण कोप्यावर चूल शेजारीच असते. पेट्रोलियम जेली किंवा कोणतेही स्निग्ध मलम मोज्यांत, पट्टीत किंवा कपड्यांत मुरले की ते कापड फार चटकन पेट घेते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली याविषयी स्पष्ट इशारा दिला होता, आणि असे कपडे धुतल्यावरही धोका पूर्ण जात नाही. म्हणून ते मोजे घालून चुलीपाशी बसू नये आणि ते वेगळे ठेवावेत.

औंढा

मधुमेहाची तपासणी कधीच केलेली नाही. टोळी पुढच्या आठवड्यात निघते आहे, त्याआधी सोमवारी दोघांनाही तपासणीसाठी घेऊन जातो. जेलीचा मोठा डबा आणि मोज्यांचे दोन जोड सोबत देईन. मोजे चुलीपासून लांब, पेटीत ठेवायला सांगतो.